एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायीचा मागचा डावा सड पुन्हा पुन्हा बिघडून राहिला, आता कोणती ट्यूब टाकू?

हिंगणा_गोठा

नमस्कार मंडळी. आमचा गोठा हिंगण्याच्या पुढं हाये, बहुतेक एचएफ क्रॉस गायी आणि घरची एक गौळाऊ, म्हणजे इकडची देशी गाय. यातली एक एचएफ तिसऱ्या वेताची, एप्रिलमध्ये व्याली, गोठ्यातली सगळ्यात जास्त दूध देणारी. तिचा मागचा डावा सड पावसाळा लागल्यापासून धड नाही. आधी पहिल्या धारेत बारीक गाठी आल्या, कास त्या बाजूनं जराशी कडक, बाकी ताप नाही, रवंथ चालू, ढेप पूर्ण संपवते. डॉक्टर आले, सडात औषधाच्या ट्यूब टाकल्या, मानेत इंजेक्शन दिलं, दूध एकदम साफ झालं, घरात सगळ्यांना वाटलं सुटलो एकदाचे. काही दिवस गेले की पुन्हा तेच. मग दुसऱ्या कंपनीची महागाची ट्यूब आणली, पुन्हा साफ, पुन्हा गाठी. आता पोळ्याच्या आठवड्यात हात लावून पाहिलं तर सडाच्या वर कासेत सुपारीएवढी घट्ट गाठ लागून राहिली आणि त्या सडाचं दूध निम्म्यावर आलं.

त्यात आता तिच्या बाजूला पहिल्या वेताची एक गाय बांधलेली हाये, तिच्या पुढच्या एका सडाची धारही दोन दिवसांपासून जरा पातळ वाटते.

काही जण म्हणतात सगळ्यात स्ट्राँग ट्यूब टाक, काही म्हणतात गाय काढून टाक. शेजारच्या गोठ्यात मागच्या श्रावणात एक गाय संध्याकाळी बरी होती आणि सकाळी उठलीच नाही, सडातून पिवळं पाणी येत होतं, डॉक्टर त्यालाही कासदाहच म्हणाले. मग रोग एकच असून एका गायीत असा आणि दुसरीत तसा काऊन? नेमके कोणते जंतू असतात आणि त्याच्यावर नेमकं औषध काय? गाय लाडाची हाये, आईच्या हातची वाढलेली, म्हणून विचारून राहिलो.

पारशिवनीची_ताई

भाऊ, मोठ्या औषधांचं इथले डॉक्टर सांगतीलच पण आजच्या संध्याकाळच्या धारेपासून एक काम करा, धार काढायचा क्रम बदला. आधी कालवडी आणि निरोगी गायी, मग ही पहिल्या वेताची जिच्यावर शंका आहे ती, आणि एचएफ सगळ्यात शेवटी. आणि तिचा दुखरा सडही शेवटी, बाकीचे तीन झाल्यावर. गडी एकाच फडक्यानं सगळ्यांची कास पुसत असेल तर ते फडकं आजच फेका. मला विचाराल तर अर्ध्या गोठ्यांत हा रोग त्या ओल्या फडक्यातून आणि गड्याच्या हातातून फिरतो, कारण गडी तेच हात घेऊन आणखी दोन गोठ्यांवर जातो.

कोणत्या कोणत्या गायींना आतून लागण झाली हे घरीच बघता येतं. अर्धा लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम कपडे धुवायचा पावडर विरघळवा, चार वाट्या घ्या, पहिल्या दोन-चार धारा सोडून एकेका सडाचं थोडं दूध एकेका वाटीत, तेवढंच ते पाणी, आणि वाटी गोल हलवत राहा. दूध पाण्यासारखंच वाहिलं तर सड चांगला. चिकट झालं, जेलीसारखं वाटीच्या बुडाशी गोळा व्हायला लागलं तर आत सूज आहे, मग डोळ्यांना दूध कितीही पांढरं शुभ्र दिसो. दुकानात याच परीक्षेचं सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) किट मिळतं, चार खणांचं पसरट भांडं आणि जांभळं औषध, ते जास्त भरवशाचं, पण आज घरात पावडर आहे तर आजच करा. फक्त व्याल्यावरच्या पहिल्या आठवड्यातल्या आणि आटत आलेल्या गायीचं दूध असंही घट्ट होतं, तिथं घाबरू नका.

पशुवैद्य_उमरेड

हिंगणा भाऊ, प्रश्न चांगला विचारला, विशेषतः शेजारच्या गायीचा, कारण उत्तर तिथंच आहे. कासदाह हे सुजेचं नाव आहे, जंतूचं नाही. सूज आणणारे जंतू बरेच आहेत, त्यांचे स्वभाव वेगळे, येण्याचे रस्ते वेगळे, आणि एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला शिवतही नाही. म्हणून "कोणती ट्यूब स्ट्राँग" याला उत्तर नाही, आधी आत कोण बसलंय ते बघावं लागतं.

ढोबळ दोन गट समजा. पहिला गट गायीकडून गायीकडे जाणारा, म्हणजे आजारी कासेतून गड्याच्या हातानं, फडक्यानं, मशीनच्या कपानं, माशांनी दुसऱ्या कासेत. यात मुख्य स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्शिए. दुसरा गट गोठ्यातल्या घाणीतला, शेण, चिखल, ओलं कुटार, साचलेलं पाणी. यात ई. कोलाय, क्लेबसिएला, स्ट्रेप्टोकॉकस उबेरिस. क्लेबसिएला तर लाकडाच्या भुशात हमखास असतो, खाली सॉ मिलचा भुसा टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

शेजारची गाय, पिवळं पाणी, एका रात्रीत बसली, हे वर्णन ई. कोलायच्या बाजूचं आहे, खात्री तपासणीशिवाय नाही. हा जंतू मरताना त्याच्या अंगातलं विष रक्तात उतरतं, गायीचे कान थंड पडतात, पोट थांबतं, अंगातलं पाणी कमी होतं, गाय बसते. तिथं जीव वाचवतं ते शिरेतून सलाईन, मेलॉक्सिकॅमसारखं सूज उतरवणारं औषध, गरज असेल तर कॅल्शियम आणि वेळ. ट्यूब टाकून सकाळची वाट बघणं म्हणजे गाय गमावणं. अशी गाय दिसली की लगेच डॉक्टर बोलवा, १९६२ या टोल फ्री नंबरवर सरकारी फिरत्या पथकाची सोय आहे. उलट ई. कोलायचा हलका झटका असेल, नुसत्या गाठी, ताप नाही, तर बऱ्याच गायी स्वतःच त्याला हाकलून लावतात.

तुमच्या गायीचं चित्र वेगळं आहे. ताप नाही, खाणं चालू, औषधानं साफ, पुन्हा गाठी, आणि आता कासेत घट्ट गाठ. माझ्या डोक्यात पहिलं नाव स्टॅफ ऑरियस येतं. हा कासेच्या मांसात खोल शिरतो, भोवती बारीक बारीक गळवं तयार होतात आणि त्यांना कडक आवरण येतं, त्या आवरणातून औषध आत पोचत नाही. गायीच्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात तर तो त्या पेशींच्या आतही जिवंत राहतो. काही जातींचे स्टॅफ तर पेनिसिलीन तोडणारं द्रव्यच तयार करतात. ट्यूबनं दुधातले मोकळे जंतू मेले की दूध साफ दिसतं, तुम्हाला वाटतं बरी झाली, आणि आवरण फुटलं की पुन्हा दुधात. ट्यूब बदलली, कंपनी बदलली, किंमत वाढली, तरी ही गोष्ट बदलत नाही.

पण मी फोनवरून किंवा इथं बसून जंतू ओळखू शकत नाही आणि कोणीच ओळखू शकत नाही. अशीच लक्षणं स्ट्रेप अगॅलॅक्शिएचीही असू शकतात आणि ती असली तर तुमचं नशीब चांगलं, कारण तो कासेबाहेर फारसा टिकत नाही, साध्या पेनिसिलीनला बहुतेक वेळा लगेच मरतो, आणि सगळ्या लागण झालेल्या गायींवर एकाच वेळी उपचार केले तर अख्ख्या गोठ्यातून हद्दपार होतो. आणखी एक शक्यता मनात ठेवा. वारंवार ट्यूबा टाकताना सडाचं टोक नीट पुसलं नसेल तर यीस्ट किंवा प्रोटोथेका नावाचं शेवाळ आत जातं, त्यांना अँटिबायोटिक काहीच करत नाही. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूलाही पेनिसिलीन गटातली औषधं चालत नाहीत, कारण ती जंतूच्या पेशीभित्तिकेवर काम करतात आणि याला भित्तिकाच नसते. तो असला तर सहसा एकाच गायीचे दोन-तीन सड एकदम बिघडतात.

तर पुढची ट्यूब टाकायच्या आधी दुधाचं कल्चर आणि एबीएसटी करून घ्या. कल्चर म्हणजे लॅबमध्ये दुधातला जंतू वाढवून ओळखणं, आणि एबीएसटी म्हणजे त्याच जंतूवर कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही याची तपासणी. नागपुरात तुम्हाला लांब जायची गरज नाही, सेमिनरी हिल्सवर व्हेटर्नरी कॉलेज आहे, आधी फोन करून नमुना कधी घेतात ते विचारा.

नमुना घेताना घाई करू नका, इथंच बहुतेकांचं बिघडतं. औषध चालू असताना घेऊ नका. सड धुऊन पूर्ण कोरडा करा, मग सत्तर टक्के स्पिरिटच्या कापसानं सडाचं टोक घासा, कापूस काळा निघतो तोवर नवीन कापूस. पहिल्या तीन-चार धारा बाहेर सोडा. लॅबमधून मिळालेली निर्जंतुक बाटली आडवी धरा, झाकण खाली तोंड करून हातातच ठेवा, जमिनीवर नको, आणि दोन-तीन धारा आत घ्या. बाटली बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर गाय आणि सड दोन्ही लिहा. शेणाचा एक कण आत गेला तर रिपोर्टमध्ये शेणातले जंतू येतील आणि तुम्ही भलत्यालाच औषध देत बसाल.

काटोलकर

आमच्याकडं कोरफड, हळद आणि चुना लावतात, एनडीडीबीनंच (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) सांगितलेला उपाय आहे. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम, मिक्सरमधून लालसर लगदा करायचा, कास धुऊन त्यातला मूठभर पाण्यात पातळ करून अख्ख्या कासेला लावायचा, दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. सोबत दोन लिंबं खायला. आमच्या दोन गायी याच्यावर सुटल्या, एक रुपयाचं अँटिबायोटिक लागलं नाही. भाऊनं आधी हे करून पाहावं, उगाच लॅबच्या फेऱ्या कशाला.

पशुवैद्य_उमरेड

काटोलकर, लेपाला माझा विरोध नाही. सूज उतरते, आणि कासेला दिवसातून आठ वेळा माणूस हात लावतो, कास धुतो, दूध पिळून काढतो, याचा फायदा तर नक्कीच. सुरुवातीच्या हलक्या कासदाहात मी स्वतः लावायला सांगतो. पण लेप वरून लागतो आणि या गायीचा जंतू आत गाठीत बसलाय, दोन महिने जुना. आणि ताप असलेल्या, बसलेल्या गायीला लेपावर ठेवून दोन दिवस घालवले तर ती वाचणार नाही. लेप लावा, सोबत नमुना पाठवा, दोन्हीचं भांडण नाही.

मौदा_संकलन

मी संकलन केंद्रावर दूध घेतो म्हणून एक गोष्ट हात जोडून सांगतो. ट्यूब टाकलेल्या गायीचं दूध केंद्रावर आणू नका. लोकांना वाटतं दुखऱ्या सडाचं तेवढं बाजूला काढलं की झालं. तसं नाही, औषध रक्तात जातं आणि चारही सडांच्या दुधात उतरतं, त्यामुळं चारही सडांचं दूध बाजूला. किती दिवस ते ट्यूबच्या वेष्टणावर लिहिलेलं असतं, औषधागणिक वेगळं, शेवटच्या ट्यूबपासून मोजायचं, पहिल्या नाही. एका कॅनमधलं असं दूध अख्ख्या टँकरमध्ये मिसळतं, मग त्याचं दही लागत नाही कारण विरजणाचे जंतूच मरतात, आणि ज्या लेकराच्या पोटात ते रोज जातं त्याचं काय. कासदाहाच्या दुधात क्षारही वाढतात, चव खारट लागते, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घसरतो, भाव तसाही कमीच मिळणार.

पारशिवनीची_ताई

मौदा भाऊ बरोबर बोलले. आणि हिंगणा भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली, धार झाल्यावर गायी कुठं बसतात? धार काढल्यावर सडाचं छिद्र अर्धा-एक तास उघडंच राहतं. तेवढ्यात गाय काळ्या मातीच्या चिखलात बसली की गोठ्यातले सगळे जंतू आत. म्हणून आम्ही हिरवा चारा धारेच्या आधी टाकत नाही, धार झाली की टाकतो, गाय खात उभी राहते. आणि धार संपल्या संपल्या चारही सड टीट डिपमध्ये, म्हणजे सडाच्या जंतुनाशक औषधात, बुडवायचे, ०.५ टक्के आयोडीन आणि ग्लिसरीन असलेलं तयार मिळतं, ग्लिसरीननं सडाला भेगा पडत नाहीत. शिंपडायचं नाही, बुडवायचं. गड्यांना कंटाळा येतो, पहिला महिना मी स्वतः उभं राहून करून घेतलं.

अंगठा दुमडून धार काढणारा गडी असेल तर त्यालाही बदलायला लावा, त्यानं सडाला आतून इजा होते आणि मग जंतूला जागाच मिळते. पूर्ण मुठीनं काढायची धार.

हिंगणा_गोठा

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आला. एचएफच्या सडात स्टॅफिलोकॉकस ऑरियसच निघाला, पेनिसिलीन आणि अँपिसिलीनसमोर रेझिस्टंट लिहिलंय, क्लॉक्सासिलिनसमोर सेन्सिटिव्ह. ताईंनी सांगितलेली पावडरची परीक्षाही केली, बाकीच्या गायी ठीक, फक्त पहिल्या वेताच्या त्या गायीचा पुढचा उजवा सड चिकट झाला, बाकी तीन साफ. एचएफ जुलैमध्ये भरवली होती, गाभण असल्याचं कळलंय. आता डॉक्टर साहेब, क्लॉक्सासिलिनची ट्यूब लगेच टाकू का? आणि एक व्यापारी येऊन गेला, म्हणे आता दूध साफ दिसतंय तोवर देऊन टाका, चांगला भाव देतो.

पशुवैद्य_उमरेड

व्यापाऱ्याला नाही म्हणा. साफ दूध दाखवून ही गाय दुसऱ्या गरीब माणसाच्या गोठ्यात गेली तर तिच्या मागं तिथल्या चार गायी जातील. विकायचीच वेळ आली तर घेणाऱ्याला सड दाखवून, रिपोर्ट हातात देऊन विका.

आता औषध. रिपोर्टमध्ये सेन्सिटिव्ह लिहिलंय ते काचेच्या बशीतल्या जंतूबद्दल, कासेतल्या गाठीबद्दल नाही. औषध जंतूला मारू शकतं पण त्याच्यापर्यंत पोचायला हवं. स्टॅफ बरा होण्याची शक्यता कुठं जास्त असते, तर तरुण गाय, लागण नवीन, एकच सड, तोही पुढचा, आणि कासेत गाठ नाही. तुमच्या एचएफमध्ये यातलं एकच सड एवढं सोडून बाकी सगळं उलट आहे, तिसरं वेत, मागचा सड, दोन महिन्यांचा जुना, गाठ हाताला लागते. दुधात असताना तिला पुन्हा ट्यूबा टाकण्यात मला अर्थ दिसत नाही, पैसे जातील, दूध फेकावं लागेल आणि जंतू अजून निबर होईल.

मग तिला काय? तिची धार शेवटी, सड बुडवणं चालू, वेगळी बांधा. दुखऱ्या सडाचं दूध केंद्रावरही नको, घरातही नको आणि वासरालाही नको, खड्ड्यात. बाकी तीन सडांचं दूध चांगलं असेल तर चालेल, उकळूनच वापरा. त्या सडाचं दूध आणखी कमी झालं तर सूज नसताना त्या एका सडाची धार थांबवून तो कायमचा बंद करता येतो, पण ते तुमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तीन सडांवर गाय चांगली चालते, मी अशा कितीतरी पाहिल्या आहेत.

खरी संधी आटवताना, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना आहे. जुलैची भरलेली म्हणजे एप्रिलच्या शेवटी विणार, साठ दिवस आधी म्हणजे फेब्रुवारी अखेर आटवायची. त्या दिवशी चारही सड पूर्ण रिकामे करून आटवण्याच्या वेळची लांब टिकणारी ट्यूब प्रत्येक सडात एक, क्लॉक्सासिलिनचीच तशी ट्यूब मिळते. तेव्हा दूध बनत नसतं, औषध आत आठवडेच्या आठवडे टिकतं, दूधही फेकावं लागत नाही. नळी पूर्ण आत खुपसू नका, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर पुरे, आधी प्रत्येक सडाचं टोक स्पिरिटनं स्वच्छ. व्याल्यावर पुन्हा कल्चर करायचं. तेव्हाही स्टॅफच निघाला तर मग गोठ्यात ठेवायची की नाही हा विचार करा, आत्ता नको.

आणि भाऊ, तुमचं लक्ष आत्ता दुसऱ्या गायीकडं हवं. पहिलं वेत, पुढचा सड, दोन-चार दिवसांची लागण, गाठ नाही. हिच्यात स्टॅफ असला तरी बरा होऊ शकतो. तिचा वेगळा नमुना उद्याच पाठवा, एचएफचा रिपोर्ट तिला लावू नका. नमुना घेतल्या घेतल्या तुमच्या डॉक्टरांना उपचार सुरू करायला सांगा आणि स्टॅफ निघाला तर कोर्स पाच दिवसांपेक्षा लांबवायचा का ते त्यांच्याशी बोला, कारण या जंतूत लांब कोर्सचा फायदा होतो. दूध साफ दिसलं म्हणून मध्येच थांबवू नका.

हिंगणा_गोठा

व्यापाऱ्याला कालच नाही सांगितलं, आईनं तर गेटच्या आतही येऊ दिलं नाही. दुसरीचा नमुना सकाळच्या धारेला घेतो. एक शेवटचं, एचएफचं वासरू सोडलं की ते आधी तिला पितं आणि मग फिरत फिरत दुसऱ्या गायींनाही तोंड लावतं. त्यानं काही होतं का?

पशुवैद्य_उमरेड

होतं. वासराच्या तोंडातून जंतू एका कासेतून दुसऱ्या कासेत जातो, आणि वासरं एकमेकींचे बारके सड चोखतात तेव्हा उद्याच्या कालवडीही व्यायच्या आधीच लागण घेऊन बसतात. आजपासून वासराला निरोगी गायीचं दूध बाटलीनं किंवा बादलीनं पाजा आणि वासरं एकेकटी बांधा.